कोलोरॅडोत एल्कची पहिली शिकार: परवान्यापासून रायफलीपर्यंत

डेन्व्हर आणि आसपासची बरीच मराठी मंडळी हल्ली शिकारीबद्दल विचारू लागली आहेत. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "रायफल कुठली घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. रायफल सगळ्यात शेवटी घ्या. आधी कागदपत्रं, मग परवाना, मग दुसऱ्याच्या रायफलीवर थोडा सराव. तेवढं झाल्यावर आपल्या खांद्याला काय झेपतं आणि किती अंतरापर्यंत आपला नेम खरोखर बसतो हे कळतं. रायफल त्या दोन गोष्टींवरून निवडायची असते. जनावर किती मोठं आहे यावरून निवडायला गेलं की माणूस हमखास झेपणार नाही असं काहीतरी घेऊन येतो.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती बंदच राहायला हवी असं माझं ठाम मत आहे. कोलोरॅडोची परिस्थिती वेगळी आहे. इथेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीने एल्क, म्हणजे इथली भलीमोठी हरणं, जवळजवळ संपले होते. १९१०च्या दशकात शेजारच्या वायोमिंगमधून कळप आणून सोडले गेले, शिकारीवर कडक बंधनं आली, आणि आज या राज्यात अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. कुठल्या भागात किती नर आणि किती माद्या मारायच्या हे वन्यजीव खातं, म्हणजे कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ, दरवर्षी ठरवतं. त्या खात्याचं वन्यजीवांचं काम मोठ्या प्रमाणावर शिकाऱ्यांच्या परवान्यांच्या पैशावर चालतं. शिवाय १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे प्रत्येक रायफलीवर आणि काडतुसांच्या प्रत्येक डब्यावर ११ टक्के कर बसतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव कामासाठी जातो.

पहिली पायरी: तुमचा व्हिसा

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. एच-वन किंवा एच-फोरसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायलाच बंदी आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. म्हणजे एच-वनवाल्याने आधी लायसन्स काढायचं आणि मगच दुकानात पाऊल टाकायचं. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि घरातल्या कपाटात ठेवलेली रायफल तुम्हाला थेट गुन्हेगार करू शकते. यात ग्रीन कार्डच काय, देशात राहण्याचा हक्कही जाऊ शकतो. म्हणून व्हिसावर असाल तर सुरुवातीलाच इमिग्रेशन वकिलाला तासाभराची फी द्या. या छंदातला तो सगळ्यात सत्कारणी लागणारा पैसा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

दुकानात ४४७३ नावाचा फेडरल फॉर्म भरावा लागतो. त्यात गांजाबद्दल प्रश्न असतो. कोलोरॅडोत गांजा कायदेशीर आहे, फेडरल कायद्यात नाही, आणि हा फॉर्म फेडरल आहे. खोटं उत्तर देणं हा गंभीर गुन्हा आहे. पार्श्वभूमी तपासणीनंतरही रायफल लगेच हातात पडत नाही. राज्याच्या नियमाप्रमाणे किमान तीन दिवस थांबावं लागतं.

दुसरी पायरी: हंटर एज्युकेशन आणि परवाना

१ जानेवारी १९४९ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. ऑनलाइन अभ्यासाची सोय आहे, पण जमल्यास प्रत्यक्ष वर्गाला जा. शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, उभा जन्म डोंगरात काढलेले. कुंपण ओलांडताना रायफल कशी रिकामी करून पलीकडे ठेवायची हे पडद्यावर पाहून हातात उतरत नाही.

परवाने मुख्यतः सोडतीने मिळतात. अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते. नवखी मंडळी सप्टेंबरात जागी होतात तोवर चांगले भाग गेलेले असतात. उरलेल्या परवान्यांची यादी उन्हाळ्यात निघते, तिच्यावर लक्ष ठेवा. रायफलीचे चार हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत चालतात. राज्यात सलग सहा महिने राहिल्यावरच रहिवासी दर लागू होतो, आणि बाहेरच्यांचा दर त्याच्या कित्येक पट आहे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीचं बिग गेम ब्रोशर, म्हणजे मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या नियमांची पुस्तिका, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा.

नवख्याने मादीचा परवाना मागावा, असा माझा आग्रह आहे. तो मिळण्याची शक्यता जास्त, मांस कोवळं, आणि शिंगांचे फाटे मोजत बसायची भानगड नाही. नराच्या बाबतीत बहुतेक भागांत एका शिंगाला किमान चार फाटे किंवा कपाळाजवळचा फाटा किमान पाच इंच असावा लागतो. पहाटेच्या अंधुक उजेडात, छाती धडधडत असताना, हे मोजणं मुरलेल्यांनाही जड जातं.

तिसरी पायरी: खांद्याची परीक्षा

आता रायफलीकडे येऊ, पण दुकानातून नाही, रेंजवरून, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरून. ओळखीच्या शिकाऱ्यांबरोबर रेंजवर जा आणि त्यांच्या देखरेखीखाली निरनिराळ्या काडतुसांचे थोडे थोडे बार काढून पाहा. कानाला मफ आणि आत बोळे, दोन्ही घाला. सुरुवात .२२पासून करा, मग .२४३, मग .३०८ (हे आकडे म्हणजे साधारणपणे गोळीची जाडी, इंचांत). अंगाला काय झेपतं हे तासाभरात समजतं.

कार्यालयातल्या एका मित्राने थेट .३०० विंचेस्टर मॅग्नम विकत घेतली होती, कारण "एल्क मोठा असतो." रेंजवर त्याच्या गोळ्या कागदभर पसरत होत्या आणि तो स्कोपला, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीला, दोष देत होता. बरोबरच्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने काही न बोलता रायफल घेतली, त्याच्याकडे पाठ करून काडतुसं भरली, आणि मधे एक डमी, म्हणजे दारू नसलेलं काडतूस, घातलं. डमीची पाळी आली. चाप ओढला, नुसता 'टक' असा आवाज झाला, बार झालाच नाही, तरी नळीचं टोक चांगलं इंचभर खाली गेलं आणि मित्राचे डोळे गच्च मिटलेले सगळ्यांनी पाहिले. धक्क्याच्या भीतीने शरीर आधीच दचकत होतं. ही सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात. .३०० मॅग्नमचा धक्का .३०८च्या साधारण दीडपट असतो. रायफल हलकी असेल तर आणखी जास्त. धक्क्याला घाबरणारा माणूस मॅग्नमने जनावर जखमी करतो, आणि तोच माणूस .३०८ने ते जागच्या जागी पाडतो. यावर माझ्याशी कितीही वाद घाला, माझं मत बदलणार नाही.

चौथी पायरी: काडतूस

कायद्याची किमान अट अशी: रायफल .२४ कॅलिबरची किंवा त्याहून मोठी हवी, एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हवी, ती आदळल्यावर फुलणारी हवी, आणि १०० यार्डांवर तिच्यात किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा उरलेली असायला हवी. यात .२४३सुद्धा बसते, पण नवख्याने एल्कवर ती वापरू नये. खांद्याच्या हाडावर लागली तर आत पुरेशी जाईलच याची खात्री नाही.

माझी पहिली पसंती .३०८ विंचेस्टर. १९५२ साली बाजारात आली, कुठल्याही गावातल्या दुकानात मिळते, धक्का सोसवतो. १६५ किंवा १८० ग्रेनची गोळी घ्या. १६५ ग्रेन म्हणजे पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास. शरीर धडधाकट असेल तर .३०-०६ स्प्रिंगफील्ड. इथे तिला 'थर्टी-ऑट-सिक्स' म्हणतात, १९०६ची आहे, आणि शंभराहून जास्त वर्षं एल्क पाडते आहे. तब्येतीने बारीक असलेल्यांनी ७एमएम-०८ जरूर पाहावी. तिच्यात १४० ग्रेनची चांगली गोळी घातली की मादीसाठी काही कमी पडत नाही. .२७० विंचेस्टरही उत्तम. ६.५ क्रीडमोर ही २००७ची. तरुण मंडळी तिच्या प्रेमात आहेत, आणि रेंजवर ती खरंच लोण्यासारखी चालते. एल्कवर मात्र अंतर कमी ठेवा आणि गोळी मजबूत निवडा.

गोळी म्हणजे काडतुसाचा पुढचा भाग, जो नळीतून बाहेर पडतो. जनावरापर्यंत तोच पोचतो, आणि निवड करताना बहुतेकांचं लक्ष नेमकं त्याच्याकडे नसतं. शिशाच्या साध्या गोळ्या फुटल्यावर बारीक कण मांसात दूरवर पसरतात. घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर संपूर्ण तांब्याची गोळी घ्या. महाग पडते, पण ती फुटून विखुरत नाही, खोल जाते, आणि डोंगरात मागे राहिलेली आतडी खाणाऱ्या गरुडांनाही शिशाची विषबाधा होत नाही. आमच्या घरात दुसरी गोळी चालतच नाही.

पाचवी पायरी: रायफल आणि स्कोप

इतकं ठरलं की रायफल निवडणं फार सोपं होतं. बोल्ट ॲक्शन घ्या. दर बारानंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा, रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. यंत्रणा साधी, थंडीत आणि बर्फात भरवशाची, आणि बोल्ट उघडा ठेवला की रायफल सुरक्षित आहे हे दहा फुटांवरूनही दिसतं. रुगर अमेरिकन, सॅव्हेज ११० किंवा फिनलंडची टिक्का टी३एक्स, यातली कुठलीही साध्या मॉडेलमधली रायफल माझ्या-तुमच्या नेमापेक्षा अचूक असते. आठशे डॉलरच्या वर जायची गरज नाही. दस्ता सिंथेटिक घ्या. लाकडी दिसतो देखणा, पण ओल्या बर्फात फुगतो. नळी २२ इंचांची पुरे. स्कोपसकट वजन साडेतीन किलोच्या आसपास असू द्या. त्याहून हलकी रायफल चढावर सुखाची, पण बार काढताना तिचा दणका फार.

दस्त्याची लांबी स्वतःला लावून पाहा. जाड जॅकेट घालून दुकानात जा, डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा आणि डोळे उघडा. स्कोपमधून पूर्ण गोल चित्र दिसलं तर माप बरोबर. काळी कडा दिसत असेल, मान पुढे ताणावी लागत असेल, तर दस्ता लांब आहे. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना आणि बुटक्या पुरुषांना इथल्या रायफली लांब पडतात. दस्ता इंचभर कापून घेता येतो, आणि काही कंपन्या आखूड मापाचे नगही काढतात.

स्कोप ३-९x४० हा, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा आणि ४० मिलिमीटर काचेचा, जुना, साधा प्रकार पुरेसा आहे. शिकारीत झूम बहुतेक वेळा तीन-चार पटींवरच ठेवावा लागतो, नाहीतर जवळचं जनावर काचेत सापडतच नाही. डोळा आणि काच यात साडेतीन इंच अंतर राहील असा तो बसवून घ्या. कमी राहिलं तर धक्क्याबरोबर स्कोपची कड भुवईवर बसते आणि अर्धचंद्राकृती जखम होते. स्कोपवर वाचवलेले पैसे १०x४२च्या दुर्बिणीत घाला. जनावर शोधायचं ते दुर्बिणीने. रायफलीच्या स्कोपमधून झाडी न्याहाळू नका. त्या झाडीत दुसरा शिकारी असू शकतो आणि तुम्ही त्याच्यावर रायफल रोखलेली असते.

सहावी पायरी: सराव

रायफल २०० यार्डांवर झीरो करा, म्हणजे त्या अंतरावर नेम धराल तिथेच गोळी लागेल असा स्कोप लावून घ्या. मग १०० यार्डांवर गोळी साधारण दोन इंच वर आणि ३०० यार्डांवर आठ-नऊ इंच खाली लागते. नवख्याला इतकं गणित पुरे. झीरो झालं की टेबलावरून उठा. डोंगरात टेबल नसतं. बसून, गुडघ्यावर, नेमाच्या काठ्यांवर टेकून सराव करा. जेवणाची कागदी प्लेट, साधारण नऊ इंचांची, २०० यार्डांवर लावा. धावत पन्नास पावलं जा, परत या, बसा, आणि पाच बार काढा. पाचही प्लेटमध्ये लागले तर २०० यार्ड ही तुमची मर्यादा. चारच लागले तर मर्यादा १५०. एल्कच्या हृदय-फुप्फुसांचा भाग प्लेटपेक्षा मोठा असतो, पण तिथे थंडी, उतार आणि धाप या तिन्ही गोष्टी तुमच्या विरुद्ध असतात.

घरी रिकाम्या रायफलीत स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस, घालून रोज दहा मिनिटं चाप ओढायचा सराव करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, तीनदा तपासा, एकदा बोट घालूनही. नियम कायमचे लक्षात ठेवा: प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असं समजायचं, ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय बार नाही. टेकडीच्या माथ्यावर आकाशासमोर उभ्या एल्कवर बार काढायचा नाही, तो कितीही जवळ असला तरी.

सातवी पायरी: डोंगरात

कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा, आणि चारही बाजूंनी दिसेल अशी त्याच रंगाची टोपी, हा कायदा आहे. बार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे नाही. खासगी जमिनीत परवानगीशिवाय पाऊल नाही. इथे जमिनीच्या हद्दी फार गुंतागुंतीच्या आहेत, म्हणून फोनवर हद्दी दाखवणारा नकाशा उतरवून ठेवा, डोंगरात फोनला सिग्नल नसतोच.

उंची ८,००० ते ११,००० फूट. डेन्व्हरला राहूनही दम लागतो, मग टेक्सासहून येणाऱ्याने दोन दिवस आधी पोचलंच पाहिजे.

एल्क हा काश्मीरच्या हंगुलाचा जवळचा नातलग. नर ३२० किलोच्या घरात, मादी सव्वादोनशे. डोळ्यांना तुम्ही चुकवाल, नाकाला नाही. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, म्हणून तेव्हा जनावराच्या खालच्या अंगाने जायचं. ऊन चढलं की हवा वर वाहू लागते, मग वरच्या अंगाने. ॲस्पनच्या झाडांच्या राईची कड आणि दाट, अंधारं जंगल यांच्यामधल्या गवताळ जागा पहाटे न्याहाळा. पुष्कळदा वास आधी येतो, घोड्याच्या तबेल्यासारखा उग्र. तो आला की जागीच थांबा.

मूस, म्हणजे इथलं दुसरं मोठं हरीण, आणि एल्क यात गफलत करू नका. दरवर्षी काही शिकारी एल्क समजून मूस मारतात आणि मोठ्या दंडाला सामोरे जातात. मूस काळपट, लांब लोंबत्या नाकाचा असतो. एल्कचं अंग फिकट, मान गडद, आणि बूड पिवळसर पांढरं. खात्री होईपर्यंत सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी खिट्टी, काढायची नाही.

आठवी पायरी: बार आणि त्यानंतर

जनावर आडवं उभं हवं, किंवा किंचित पाठमोरं. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेवर, छातीच्या खालच्या एक-तृतीयांशात नेम. समोरून नाही, पाठीमागून नाही, पळत्यावर नाही.

माझ्या पहिल्या मादीवर मी फ्लॅट टॉप्स या डोंगराळ भागाच्या कडेला बसून, काठ्यांवर रायफल टेकवून, १४० यार्डांवरून बार काढला. गोळी बरोबर लागली होती. ती दोन पावलं पुढे गेली आणि काही झालंच नाही अशी उभी राहिली, कानसुद्धा हलवले. एल्क असेच असतात. म्हणून बार होताच बोल्ट मारून नवं काडतूस आत, नजर जनावरावरून हलवायची नाही, आणि ते उभं आहे तोवर दुसरा बार. दुसऱ्या बाराला ती बसली आणि कलंडली. पुढे पोट फाडल्यावर दिसलं की पहिल्याच गोळीने दोन्ही फुप्फुसं गेली होती. तरी दुसरा बार काढला याचं मला समाधान आहे. तिचे हाल तितके कमी झाले.

जनावर नजरेआड गेलं तर जिथे शेवटचं दिसलं त्या झाडाची खूण धरा आणि अर्धा तास थांबा. रक्त फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुसात लागलं आहे, जवळच सापडेल. काळपट असेल तर यकृत. हिरवट आणि घाणेरड्या वासाचं असेल तर पोटात. मग काही तास थांबावं लागतं, नाहीतर ते उठून आणखी दूर जातं. जखमी जनावराचा माग काढण्याचा पुरेपूर प्रयत्न करणं कायद्यानेही बंधनकारक आहे. कायदा नसता तरी ते केलंच पाहिजे.

सापडल्यावर सुरी काढण्याआधी टॅग. लायसन्सवरचा टॅग सुटा करून सही-तारीख घाला. नर की मादी याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, तो कापून टाकू नका. कातडं लगेच काढा, कारण एल्कची कातडी जाड आणि मांस आत उबेने नासतं, सगळ्यात आधी मांडीच्या सांध्याजवळ. चारही पाय, पाठीचे दोन पट्टे आणि कण्याच्या आतल्या बाजूचे कोवळे पट्टे न्यावेच लागतात. खाण्यायोग्य मांस टाकणं हा गुन्हा आहे. सुती पिशव्यांत भरून सावलीत, वारा लागेल असं टांगा. नराची मागची एक तंगडी हाडासकट तीस किलोच्या घरात जाते, एका खेपेला एक. म्हणून एकटे असाल तर गाडीपासून दोन मैलांच्या पलीकडे एल्क मारू नका.

डोकं तपासणीला द्या. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदूचा रोग या राज्यात आहे, आणि शिजवल्याने तो नाहीसा होत नाही. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. मेंदू आणि पाठीचा कणा कापायच्या सुरीने मांस कापू नका, आणि अहवाल येईपर्यंत पाकिटं फ्रीझरमध्ये वेगळी ठेवा. शिंगं किंवा कातडं परवान्याशिवाय भारतात नेता येत नाही, तेव्हा सुट्टीच्या बॅगेत घालायचा विचार सोडा.

एल्कच्या मांसात चरबी जवळपास नसते, म्हणून बोकडाच्या सवयीने रटरट शिजवलं तर वातड होतं. पाठीचे पट्टे तव्यावर तुपात दोन-दोन मिनिटं, मीठ-मिरी, बस. पायाचे तुकडे मात्र कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, कोल्हापुरी मसाला घालून, कुकरला मंद आचेवर पाऊण तास. खिमा करायचा असेल तर वरून दोन चमचे तूप घालायला विसरू नका.